उभ्याने मारायचा पोछा

"घर साफ ठेवनं म्हन्जे काही वाघ मारनं नाई! तू दिवाणावर बसून राहा. फरशी आरशासारखी ठेवाची जबाबदारी माही!"

मुखरूभाऊ असं म्हणाले तेव्हा इंदुताईंनी चहाची कपबशी खाली ठेवली. त्यांचं ऑपरेशन गुडघ्याचं झालं होतं, कानाचं नाही. तरी त्यांनी खात्री करून घेतली.

"कोन ठेवते आरशासारखी?"

"मी! अजून कोन?"

इंदुताईंनी कपबशी परत उचलली आणि चहा शांतपणे संपवला. लग्न झाल्यापासून या माणसाने झाडूला हात लावलेला त्यांनी पाहिला नव्हता. एकदा फक्त घरात साप निघाला होता तेव्हा लावला होता, आणि तोही शेजारच्याला देण्यासाठी!

मुखरूभाऊ म्हणजे वडश्याच्या अलीकडच्या एका गावचे माजी उपसरपंच. माजी होऊन बरीच वर्षं झाली, पण मान अजून ताठ ती ताठच. गावात पहिल्यांदा चकचकीत पांढऱ्या टाइल्स बसल्या त्या त्यांच्याच घरात. भाऊ त्या टाइल्स येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, आणि इंदुताई उकिडवं बसून त्या पुसत. अशी कामाची सरळ वाटणी होती. शेवटी इंदुताईंचा गुडघा पार गेला. नागपूरच्या डॉक्टरने तो बदलून दिला आणि बजावलं, "वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि घसरायचं तर मुळीच नाही. घसरलात तर सगळं केलेलं पाण्यात!" मग त्याने सहज विचारलं, "घरची फरशी कोण पुसतं?" त्यावेळी मुखरूभाऊ खिडकीबाहेर कबुतरं बघत होते.

महिनाभर इंदुताईंची बहीण येऊन राहिली होती. ती आपल्या घरी परतली आणि इकडे मंडई तोंडावर आली. धान घरात आलं की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भातपट्ट्यात, गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुण्यांची ही गर्दी! इंदुताईंचा धाकटा भाऊ दसरू सगळा गोतावळा घेऊन येणार होता. टाइल्सवर तर धुळीचा थर. आता करायचं काय?

भाऊंच्या डोक्यात मात्र योजना तयार होती. नागपूरच्या दवाखान्यात त्यांनी एक माणूस पाहिला होता. अंगात गणवेश, पाठ ताठ, हातात लांब दांडा, दांड्याला खाली रुंद झालरीसारखा पोछा. तो कुठे वाकत नव्हता की बसत नव्हता. साहेब राउंडला निघावेत तसा तो व्हरांड्यातून चालत होता आणि मागे फरशी चमकत होती! मुखरूभाऊंना ते फार आवडलं. झाडू घेतलेला माजी उपसरपंच गावाला दिसला तर अब्रूचं खोबरं. पण हे तर मशीनच की! उभ्याने मारायचा पोछा! यात कमीपणा कसला?

वडश्याला रईसभाईंच्या दुकानात ते पोचले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पोछा दाखवा. घरासाठी नाई... म्हन्जे घरासाठीच, पन उभ्याचा."

रईसभाईंनी एकेक काढून दाखवायला सुरुवात केली. "ये देखो भाऊ, बादलीवाला. पाय दाबला का गोल फिरते."

"बादली घेऊन फिरताना कोनी पाह्यलं तं?"

"मग हा चपटा घ्या. हलका आहे, बाईमानसाले सोपा जाते."

"बाईमानसाचा नको!"

रईसभाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पण गिऱ्हाइकाचं मन जाणून त्यांनी पुढचे दांडे काढले. मुखरूभाऊंनी दांडे उभे करून आपल्या उंचीशी लावून पाहिले, झालरी ओढून पाहिल्या, दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारल्या. बैलाची जोडी घेतानाही त्यांनी एवढा वेळ लावला नव्हता! शेवटी सगळ्यात रुंद, सुती झालरीचा, दवाखान्यातला होता तसाच त्यांनी पसंत केला.

"सुकाच चालवा," रईसभाईंनी समजावलं. "पानी नाई लावाचं. धूळ चिकटावी म्हणून आदल्या दिवशी झालरीवर तेलाचा हलकासा फवारा मारून सुकू द्या. त्याचं खास तेल येते, पन माल दोन दिवसानं येईन. थांबता काय?"

"दोन दिवसानं तं मंडई आहे! आन् तेल का घरी नाई आमच्या?"

रईसभाई पुढे काही बोलणार होते. पण भाऊ तोवर पोछा वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत मारून बाहेर पडलेसुद्धा!

मंडईच्या दिवशी सकाळी भाऊंनी दार लावलं, खिडक्या लावल्या. स्वयंपाकघरात मोहाच्या टोरीचं तेल डब्यात होतं. घरच्या मोहाच्या बियांचं, घाण्यावर काढून आणलेलं. थंडीत ते तुपासारखं थिजून बसलं होतं. भाऊंनी ते गॅसवर पातळ केलं. आता हलकासा फवारा म्हणजे किती? एवढ्या रुंद पोछ्याला चार थेंबांनी काय होणार? त्यांनी वाटीभर ओतलं. झालर ते गटागट प्यायली. म्हणून आणखी वाटीभर ओतलं! सुकवायला वेळ कुठे होता? मग पाठ ताठ करून, मान वर करून, त्यांनी बैठकीतून राउंड सुरू केला.

आणि काय सांगावं! फरशी खरोखर चमकायला लागली. भाऊंना त्यात आपली मिशी दिसली.

"अवो, वास कायचा येऊन राह्यला?" आतल्या खोलीतून इंदुताईंनी विचारलं.

"नव्या मशीनचा!"

"मशीनले टोरीच्या तेलाचा वास?"

भाऊंनी ऐकलं नाही असं दाखवलं. थंडगार टाइल्सवर तेल लगेच थिजलं आणि त्याचा पातळ पापुद्रा बसला. चालून पाहिलं तर काहीच झालं नाही. भाऊ खूश! पोछा दाराआड उभा करून त्यांनी दार सताड उघडलं. चांगलं कडक ऊन थेट बैठकीत आलं आणि तो पापुद्रा हळूहळू पाघळायला लागला.

पहिली आली शेजारची बुधरी. इंदुताईंना जमणार नाही म्हणून पाहुण्यांसाठी तिने वड्यांचं पीठ वाटून आणलं होतं. पातेलं सांभाळत तिने उंबरा ओलांडला.

"बाई, पीठ आनलं, कुठी ठे...अव माय वं!"

बुधरी खाली बसली आणि बसल्या बसल्याच टीव्हीच्या टेबलापर्यंत गेली! पातेलं तिच्याही पुढे गेलं. पीठ भिंतीवर, टीव्हीवर आणि उपसरपंचपदाच्या सत्काराच्या फोटोवर जाऊन बसलं. तिला उठवायला मुखरूभाऊ धावले. दोनच पावलं धावले, पुढचा प्रवास त्यांनी पाठीवर केला.

"का लावलं भाऊ तुमी इथी?" बुधरी कण्हत म्हणाली.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण भाऊंच्या जिभेने ऐनवेळी दगा दिला. "टाइल्सच खराब निघाल्या!" ते म्हणाले. बुधरी भिंतीला धरून, कंबर चोळत घरी गेली. भाऊंना मनातून फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून तेल थोडंच निघतं?

त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी तेलावरून आलं तसं निघून गेलं. मग कपडे धुवायची पावडर टाकली, थोडी टाकून भागेना म्हणून सगळी पुडी टाकली. फेस घोट्याएवढा झाला. आता तर उभं राहायचीही सोय उरली नाही. माजी उपसरपंच आपल्याच बैठकीत गुडघ्यावर रांगत होते.

तेवढ्यात आतून आवाज आला. "अवो, मले मोरीत जाचं आहे."

मोरी बैठकीच्या पलीकडे होती.

"थांब! उतरू नोको! दिवाणावरून पाय खाली टाकू नोको तू!"

"किती थांबू? मी मघापासून थांबूनच आहे!"

इंदुताई वॉकर धरून दाराशी आल्याच. त्यांनी फेस पाहिला, भिंतीवरचं पीठ पाहिलं, रांगणारा नवरा पाहिला. मग नाकाने दीर्घ श्वास घेतला.

"टोरीचं तेल लावलं."

"रईस म्हने तेल लावा..."

"कोनतं, हे इचारलं?"

मुखरूभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिला घसरू द्यायचं नाही म्हणून पोछा आणला, आणि आपणच हिच्या वाटेत घसरगुंडी करून ठेवली! नवा गुडघा तिथे उंबऱ्यावर थरथरत उभा होता. एक पाऊल चुकलं तर सगळं पाण्यात, आणि त्या पाण्यात पावडर टाकणारे आपणच!

भाऊ मागच्या दाराने गोठ्यात धावले. बैलांच्या पायाखाली टाकायला ठेवलेली तणस, म्हणजे धानाचा सुका पेंढा, त्यांनी कवेत मावेल तितकी आणली आणि आतल्या खोलीपासून मोरीपर्यंत जाड अंथरली. पुन्हा गेले, पुन्हा आणली. पांढऱ्याशुभ्र टाइल्सचा गोठा झाला.

मग इंदुताई निघाल्या. भाऊ त्यांच्या समोर, तोंड त्यांच्याकडे, दोन्ही हात पसरून, उलटे चालत होते. वॉकर उचलायचा, टेकवायचा, दाबून पाहायचा. भाऊंची नजर त्या गुडघ्यावरून हलत नव्हती. याच फरशीवर हा गुडघा रोज टेकला, रोज वळला, आणि आपण तेव्हा आरामखुर्चीत पेपर वाचत पाय वर घेत होतो, तिला पुसायला जागा व्हावी म्हणून! तेवढीच आपली मदत. त्यांना इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"माह्याकडं काय पाह्यता? मागं पाहा, पडसान!" इंदुताई म्हणाल्या.

त्या सुखरूप गेल्या, सुखरूप परत आल्या आणि दिवाणावर बसल्या. भाऊंनी चुलीतली राख आणली, नारळाची शेंडी घेतली आणि उकिडवे बसले. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी कुरकुर करत आपली नाराजी कळवली. पण आज ऐकतो कोण? तणस बाजूला सारायची, राख टाकायची, घासायचं, पुढे सरकायचं. पाठ मोडली, हात भरून आले, आणि साफ झाली फक्त दारापुढची चार फरश्यांची जागा.

नेमका त्याच वेळी दसरू गोतावळ्यासह दारात उभा राहिला.

"अगा बाप्पा! हे घर होय का गोठा? आन् भाऊजी, तुमी खाली बसून काय करून राह्यले?"

अंगणात सगळे थबकले. बायकांनी तोंडाला पदर लावला. आवाज ऐकून कंबर धरत बुधरीही आली. मुखरूभाऊंनी राखेचे हात लपवायला जागा शोधली, पण हात लपवले तरी मिशीलाही राखच होती. काही बोलण्याआधीच आतल्या खोलीच्या उघड्या दारातून, दिवाणावरून इंदुताईंचा आवाज आला.

"माह्याच हातून सांडलं रे तेल. डबा काढाले गेली आन् सुटला."

"काय बाई तू!" दसरू चिडला. "डॉक्टरनं सांगतलं ना, फिरू नोको म्हनून? गुडघा नवा बसवला, अक्कल तं जुनीच राह्यली!"

सगळे हसले. इंदुताईंनी मान खाली घातली. मुखरूभाऊंना ते पाहवेना. आयुष्यात पहिल्यांदाच ते भर माणसांत आपली चूक कबूल करायला उठून उभे राहिले, तणशीवर पाय रोवून, आणि म्हणाले, "तिनं नाई सांडलं. मी लावलं तेल. पोछ्याले लावलं आन् सारी फरशी मी पुसली. बुधरी, तू पडली ते माह्याच पायी. टाइल्सले मी उगाच नाव ठेवलं."

अंगणातल्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग दसरू हसायला लागला. त्याची बायको हसली. बुधरी तर अशी हसली की कंबर पुन्हा धरली!

"तुमी? आन् फरशी पुसली?" दसरूने डोळे पुसले. "भाऊजी, काही तं पटन असं सांगा!"

"खरं सांगून राह्यलो! हा पाहा पोछा!"

"माह्या बहिनीसाठी आनला असन. पाह्यलं काय?" दसरू आपल्या माणसांकडे वळला. "बायकोची चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यला हा मानूस! वरून राख घेऊन खाली बसला! शिका काही!"

बायका आपापल्या नवऱ्यांकडे टक लावून पाहायला लागल्या. भाऊ शपथ घेत राहिले. जितकी शपथ घेत, तितके ते लोकांना आणखी थोर वाटत! दुपारी दसरूने ही हकीकत मंडईत सांगितली. ती पानठेल्यापर्यंत गेली, तिथून मंडई भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत गेली, आणि संध्याकाळी मांडवात नाटकमंडळींच्या स्वागताआधी माइकवरून भाऊंच्या नावाचा पुकारा झाला. शाल, नारळ आणि "पत्नीचा दोष पदरात घेणारा गृहस्थ" अशी घोषणा!

भाऊंनी माइक हातात घेतला. "गावकरी बंधूंनो, खरं म्हन्जे ते तेल मीच..." टाळ्यांच्या कडकडाटात पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही.

खाली उतरून ते इंदुताईंच्या खुर्चीशेजारी बसले. दसरूने बहिणीला हाताला धरून मांडवात आणून बसवलं होतं. खांद्यावरची शाल त्यांना धानाच्या पोत्याइतकी जड झाली होती.

"तू काऊन खोटं बोलली व?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी खरं सांगतलं असतं, का हे मानूस फरशी पुसत होते," इंदुताई समोर बघत म्हणाल्या, "तं माह्या भावानं तरी मानलं असतं काय?"

भाऊंनी शाल खांद्यावरून काढली, घडी घातली आणि मांडीवर ठेवली. पुढचा सत्कार सुरू झाला. आजूबाजूच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण राखेने आणि शेंडीने सोललेले त्यांचे तळहात काही केल्या एकमेकांना लागेनात.