धुळाला पडलेलं एक मत

धुळा शिपाई यंदा दहावी होणार म्हणजे होणारच! हे खुद्द धुळानंच सांगितलं होतं, आणि आटपाडीकडच्या त्या शाळेत सांगायचा राहिला असा एकही माणूस उरला नव्हता. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यानं बाकीचे विषय काढले होते. गणित सुटलं, इंग्रजीसुद्धा सुटलं, गाडी अडली ती सामाजिक शास्त्रांत. वीस वर्षं घंटा वाजवणाऱ्या धुळाला मुख्याध्यापकांनी शब्द दिला होता, दहावी हो, प्रयोगशाळेतल्या बढतीसाठी तुझं नाव पाठवतो.

"पस्तीस मार्क? डोळं झाकून पाडतो!" धुळा म्हणाला.

पाडलेही असते हो, पण गड्याला 'का' विचारायची खोड! नववीतली पल्लवी बापाला शिकवायला बसली. तिनं ब्राझीलच्या गवताळ प्रदेशाचं नाव काढलं की हा विचारणार, "तितली मेंढरं आपल्यावानीच आस्त्यात का गं?" त्यात अर्धा तास गेला. 'निवडणूक प्रक्रिया' आली तेव्हा परीक्षेला आठ दिवस उरले होते.

"अर्ज माघारी घ्यायचा तर भरायचा कशाला?"

"आबा, पाठ करा की!"

"बघितल्याबिगर डोस्क्यात शिरत न्हाई, पल्लवे."

"मग आपल्या घरातच घेऊया निवडणूक!"

झालं! पद ठरलं घरप्रमुखाचं. उमेदवार दोन, धुळा आणि त्याची बायको मंगल. धुळाची निशाणी घंटा, मंगलची तवा. मतदार चार. हे दोघं, धुळाची आई बनुबाई आणि मेंढरं राखणारा धाकटा भाऊ गुंडा. पल्लवी निवडणूक अधिकारी. कोपऱ्यात आडवं घोंगडं बांधलं आणि साखरेच्या डब्याची मतपेटी केली. बोटाला शाई म्हणून मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग आला. हा रंग मेंढरं कातरेपर्यंत जात नाही, हे लक्षात आलं तेव्हा चारही बोटं लाल झाली होती.

धुळा घोंगड्याआड गेला आणि चिठ्ठी हातात धरून विचारात पडला. आपण तर येतोयच निवडून. आईचं मत आपलं, भावाचं आपलं. मंगलला मात्र भोपळा मिळायचा, आणि मग संध्याकाळी भाकरी कोण थापणार? मोठ्या मनानं त्यानं तव्यावर ठिपका दिला.

पल्लवीनं निकाल वाचला. "तवा तीन. घंटा एक!"

धुळानं तीनदा मोजायला लावलं. तीनदा तेच! चौथ्यांदा मागणार, तोवर पल्लवीनं चिठ्ठ्या चुलीत घातल्या. "मतदान गुप्त आस्तं, आबा."

आता धुळाला हरल्याचं दुःख नव्हतं, त्याला वेगळंच कोडं पडलं. स्वतःचं मत तर त्यानं मंगलला दिलेलं. मग हे एक मत टाकलं कुणी? पुस्तक उघडावं, पान तेच राहावं, आणि डोक्यात एकच, कुणी?

त्यानं आईला गाठलं.

"मीच की रं! पोटच्या पोराला न्हाई तर कुणाला देऊ?" बनुबाई म्हणाली. "पर डोळ्याला दिसंना झालंय बग."

धुळाला भरून आलं. त्यानं आईला विट्याला नेऊन चष्मा करून आणला. दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी गुंडा कानाशी लागला. "दादा, मत मीच दिलंया. आईच्यान! उद्या मला लग्नाला जायाचंय, मेंढरांमागं तू जातूस काय?"

धुळा दिवसभर काखेत पुस्तक घेऊन मेंढरांमागं हिंडला. बाभळीखाली जरा डोळा लागला, तेवढ्यात कळपातल्या एका शेळीनं ब्राझीलचा नकाशा खाल्ला!

मत एक आणि दावेदार दोन! धुळानं दोघांना समोरासमोर बसवलं. दोघांनीही शपथा घेतल्या. मंगल शेजारीच भाकरी थापत होती, पण तिला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. उमेदवार कधी समोरच्याच्या निशाणीवर ठिपका देतोय व्हय! असं म्हणणारा कोण, तर धुळा.

परीक्षेत प्रश्न आला, 'मतदान गुप्त ठेवणे आवश्यक असते. चूक की बरोबर ते सकारण लिहा.' धुळानं पेन सरसावलं. बाकी पेपर जेमतेम गेला होता, इथं मात्र त्यानं पान भरलं.

घरी येऊन त्यानं पल्लवीला उत्तर ऐकवलं. "'बरोबर. मत उघड करण्यास सांगितले की आई खोटे बोलते, भाऊ खोटे बोलतो आणि उमेदवारास मेंढरांमागे जावे लागते.'"

मंगलला हसू आवरेना. "आवं, तुमाला मत मी दिलं!"

"तू? सवताला सोडून?"

"भोपळा मिळाला आस्ता तर रुसून बसला आस्ता. मग अभ्यास कुणी केला आस्ता?"

धुळाचा जीव सुपाएवढा झाला. मग त्यानं बोटांवर हिशेब केला आणि आईकडं बघितलं. बनुबाई नवा चष्मा पुसायला लागली. गुंडाला मेंढरं आठवली.

"एक आत्यांचं, एक भावजींचं," मंगल मोजत म्हणाली. "मग माझं तिसरं मत कुणाचं वो?"

"मतदान गुप्त आस्तं," धुळा म्हणाला आणि आढ्याकडं बघत बसला.

निकाल लागला. सामाजिक शास्त्रांत पस्तीस! एक कमी नाही, एक जास्त नाही. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी नाव पाठवलं. धुळा नाचतच घरात शिरला. "सुटलो गं मंगल! आता पुस्तकाचं तोंड बगायचं न्हाई!"

"आता बारावीचा फॉर्म भरायचा," मंगल म्हणाली.

"कोण म्हंतंय?"

"घरप्रमुख."

"आगं, त्यो सराव हुता!"

"मग तीनदा मोजायला कशाला लावलं?"

धुळा निमूट फॉर्म आणायला निघाला. तिच्या तीन मतांत एक आपलंच होतं, हे त्यानं अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका!