गाडीचं पोट

साहेबांच्या घरात तीन आठवडे एकाच गोष्टीवरून धुसफूस चालली होती. गंजलेली गाडी दुरुस्त करायची तर माणसाने तिच्याखाली शिरायचं, की गाडीलाच फिरवून तिचं पोट समोर आणायचं? साहेब दुसऱ्या मताचे होते. बायकोला दोन्ही मतं मान्य नव्हती. तिचं म्हणणं असं, की खाली बघायचंच कशाला, रंग तर वरूनच देतात.

साहेब विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासायचे. बावीस वर्षांत त्यांनी कुठल्या गाडीचं साधं चाक बदललं नव्हतं, पण चार फोटो बघून चूक कोणाची ते बसल्या जागी सांगायचे, आणि ती बहुधा दावा करणाऱ्याचीच निघायची. लोक कचेरीत येऊन हातापाया पडत. साहेब चष्मा पुसत आणि कागदावर आडवी रेघ मारत.

ही गाडी सासऱ्यांची. "पस्तीस वर्षांत हिला कुठे धक्का लागलेला नाही," हे सासरे दर भेटीत पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी सांगत. आता त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून गाडी जावयाकडे आली, पण अट घालूनच आली. वर्षभरात नीट करून दाखवा, तुमच्या नावावर करतो; नाही जमलं तर मुलगा घेऊन जाईल. मुलगा, म्हणजे साहेबांचा मेहुणा, ती दुसऱ्याच दिवशी भंगारात घालणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांचा मात्र गाडीत खरोखर जीव अडकला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर रेघा मारल्यावर, एका देखण्या गाडीच्या खिडकीत कोपर टेकवून कचेरीच्या दारात उतरायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

वर्ष संपत आलं तेव्हा साहेबांच्या वाचनात रोटिसरी आली. रोटिसरी म्हणजे गाडीचा नुसता सांगाडा दोन्ही टोकांना धरून गोल फिरवायची लोखंडी चौकट. कोंबडी सळीवर फिरवत भाजतात तशी गाडी फिरते आणि उभ्या उभ्या तिच्या तळाचा गंज काढता येतो. ती तयारही मिळत होती. साहेबांनी माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि बाजूला ठेवलं. दोन खांब आणि दोन बेअरिंगं, यात विकत घेण्यासारखं काय आहे, असं त्यांनी बायकोला विचारलं.

वेल्डर बोलावला गेला. तो शहाणा माणूस होता, म्हणून त्याने हे काम अंगणात करू असं सुचवलं. साहेबांना अंगण नको होतं, कारण शेजारी बघतात. मग वेल्डरने गॅरेजच्या छताखालच्या गर्डरकडे बघून हळूच म्हटलं, की साहेब, हा जरा खाली वाटतोय. साहेबांनी त्याच्यासमोर आलेख-कागद पसरला. कंबर वाकवावी लागू नये म्हणून गाडी ज्यावर फिरणार तो दांडा छातीच्या उंचीवर घेतला होता. गाडी सरळ असताना वर किती जागा उरते ते लिहिलं होतं, कुशीवर असताना किती उरते तेही लिहिलं होतं. दोन्हीकडे जागा उरत होती. सरळ आणि कुशीवर यांच्या मध्ये गाडी तिरकी होते आणि तेव्हाच तिचा कोपरा सगळ्यात वर जातो, हे साहेबांच्या डोक्यात आलं नाही, कारण तिरकी गाडी आलेख-कागदावर नीट काढता येत नाही.

"मोजमाप माझं, वेल्डिंग तुमचं," साहेब म्हणाले. वेल्डरने तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा ओढला आणि कामाला लागला.

रविवारी चार वाजता सासरे येणार होते. साहेबांनी तीन वाजता रंगीत तालीम ठेवली. चाकं, दारं, इंजिन सगळं आधीच उतरवलेलं. सांगाडा चौकटीवर चढलेला. साहेबांनी हँडल फिरवलं तशी गाडी अगदी अलगद कलली. साहेबांना भरून आलं. मग वरून खर्र असा आवाज झाला आणि हँडल थांबलं.

वेल्डर म्हणाला, आता मागे घेऊ. साहेब म्हणाले, जरा जोर लावू. दोघांनी जोर लावला. गर्डरने गाडीच्या टपाला चांगला नारळाएवढा खळगा पाडला आणि तो स्वतःच त्या खळग्यात जाऊन बसला. आता गाडी पुढेही जाईना आणि मागेही येईना. पोट दाराकडे करून ती अर्ध्यावर लटकून राहिली.

आवाज ऐकून बायको धावत आली. साहेबांनी बोलणी खायची तयारी ठेवली होती, पण तिने टपाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती गाडीच्या पोटाकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"ही आत्ताच्या आत्ता सरळ करा," ती म्हणाली.

साहेबांनी तिची नजर गेली तिकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या पायांखाली वीतभर रुंद पत्र्याचं ठिगळ होतं, वरून डांबर फासलेलं. शेजारची लोखंडी पट्टी वाकवून पुन्हा सरळ केलेली दिसत होती. साहेबांची बावीस वर्षांची नोकरी एका क्षणात जागी झाली.

"गाडी आपटलेली आहे," ते हरखून म्हणाले. "चांगली दगडावर चढवलेली आहे. आणि बाबा इतकी वर्षं आपल्याला काय ऐकवतायत? येऊ देत त्यांना."

"मी चढवली होती," बायको म्हणाली.

वेल्डर उगाचच आपली वायर गुंडाळायला लागला. बायकोने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. लग्नाच्या आधीची गोष्ट. बाबा कामासाठी बाहेरगावी, चावी खुंटीला, ती एकोणीस वर्षांची. रस्त्याकडेच्या दगडावर गाडी चढली. आईने गुपचूप कोणाकडून तरी ठिगळ मारून घेतलं, आणि बाबा परत आले तेव्हा गाडी पुसून जागेवर उभी होती. आई गेली, तिने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

"बाबांना या वयात हे कळायला नको," ती म्हणाली. "लोकांची एवढी प्रकरणं नामंजूर केलीत. हे एक मंजूर करा."

खरं सांगितलं तर बाबांची बोलती कायमची बंद होणार होती, आणि हे सुख साहेबांना फार हवं होतं. पण बायकोचे डोळे भरलेले होते, आणि ते त्यांनी फारसे कधी पाहिले नव्हते. एवढ्यात काठीचा आवाज आला.

सासरे दारातच थांबले. मग पुढे येऊन त्यांनी गाडीच्या पोटावरून हात फिरवला. ठिगळापाशी हात थांबला.

"हे काय आहे?"

"वेल्डिंग माझं नाही हं," वेल्डर घाईने म्हणाला. "हे तर कमीत कमी वीस—"

"दादा, तुम्ही आत चला, चहा टाकलाय," बायकोने त्याला बाहेर काढलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाबा, ते माझ्या हातून झालं. जॅक निसटला, गाडी आपटली. मीच पत्रा लावला आणि तुम्हाला दिसू नये म्हणून डांबर फासलं."

सासरे पालथ्या डब्यावर टेकले. टपात रुतलेल्या गर्डरला त्यांनी काठीचं टोक लावून पाहिलं आणि तो खळगाही हिशेबात धरला. साहेबांना वाटलं, कबुली दिली, आता म्हातारा विरघळेल. कचेरीत कबुली देणाऱ्यांचं ते स्वतः काय करायचे, ते त्यांना त्या वेळी आठवलं नाही.

"मुलाकडे दिली तर तो विकून टाकेल," सासरे शेवटी म्हणाले. "आणि तुमच्याकडे ठेवली तर विकण्यासारखीसुद्धा राहणार नाही. जावईबापू, खोटेपणा मला सहन होत नाही. गाडी मी हिच्या नावावर करतो. लग्नाआधी ही चालवायची, पण गाडी बाहेर जाऊन आली हेसुद्धा मला कळायचं नाही, इतकी जपून."

बायको चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने मान खाली घातली.

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा."

तिने कप वडिलांच्या हातात दिला, पदराने डोळे टिपले आणि लटकलेल्या गाडीकडे नीट, पहिल्यांदाच पाहिलं. मग नवऱ्याकडे वळली.

"आता ही खाली उतरवा. आणि जरा बेताने, माझी गाडी आहे."