सर्ज्या, पाखऱ्या आणि लाइटचं बिल

मच्छिंद्रानं लाइटचं बिल सुलटं धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. आकडा काही कमी होईना.

"एकतीस रुपये? अगं, मागल्या बारीला एकोणीस हुतं. त्याच्या आधी सात! आपल्या घरात काय पिठाची गिरण चालती व्हय?"

"मला काय इचारता?" सिंधूबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "दोन बल्ब काढून पेटीत कुलपात घातलेत तुमी. काल अंधारात साखर समजून च्यात मीठ घातलं मी. तुमी पिलात बी!"

ही गोष्ट तळेगाव ढमढेऱ्याची, सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली. आणि गंमत बघा, बल्ब काढले तर बिल वाढलं! याचा अर्थ काय? मच्छिंद्रानं तंबाखू मळता मळता अर्थ काढला. अर्थ भिंतीपलीकडं राहत होता. नाव बन्सी. सख्खा धाकटा भाऊ.

वर्षापूर्वी दोघांच्या वाटण्या झाल्या त्या अगदी गोडीत. मळा निम्मा निम्मा. सर्ज्या-पाखऱ्याची बैलजोडी, शर्यतीत धुरळा उडवणारी, तीही एकेक. मच्छिंद्राला सर्ज्या, बन्सीला पाखऱ्या. बिनसलं ते घराच्या मधोमध भिंत घातल्यावर. भिंत वीतभर माझ्याकडं सरकली, असं मच्छिंद्र म्हणाला. छट्, माझ्याकडं सरकली, असं बन्सी म्हणाला. झालं! बोलणं बंद. ओट्यावर चुन्याची रेघ. मच्छिंद्राची सोजरा आणि बन्सीचा ज्योतिबा, दोघं एका वर्गात, पण दोघांना ताकीद: रेघ ओलांडायची नाही, बोलायचं नाही, खेळायचं नाही. ओट्यावरच्या एका फळीवर दोन्ही घरांचे मीटर तेवढे खांद्याला खांदा लावून राहिले होते.

"बन्स्यानं भिंतीतनं वायर वढलीया," मच्छिंद्र म्हणाला. "माझ्या मीटरवर त्याचं घर चालतंय. मी अर्ज लिहून आणलाय, गावाचं अर्ज लिहितो त्या आनंदरावाकडनं. उद्या दुपारच्या यस्टीनं शिरूरला जातो आन् लाइटच्या हापिसात देतो."

सिंधूबाईनं तवा खाली उतरवला. "द्या की. भाऊजींची लाइट तोडतील, गावासमोर चोर म्हणतील. मग सोजराच्या लग्नात मांडवात चुलता म्हणून कुणाला हुबं करायचं? आनंदरावाला?"

हे मात्र मच्छिंद्राला काट्यासारखं रुतलं. भाकरीचा तुकडा मोडत तो हळूच म्हणाला, "आधी वायर शोधतो. घावली तर अर्ज. न्हाई घावली तर..." पुढचं त्यानं भाकरीबरोबर गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बन्सी मळ्यात असणार असा हिशोब करून, मच्छिंद्र मागच्या दारानं घरात शिरला. अर्ज खिशात, हातात पहार. चुलीमागच्या भिंतीला कान लावला, ठोकून पाहिलं. ठक्. पलीकडून उत्तर आलं, ठक्.

"आवाज घुमतोय," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हंजी आत पोकळ हाय. म्हंजी वायर हाय!"

आणि लागला की हाणायला! कच्च्या विटांची भिंत ती. तो एक घाव घाली, भिंत एक घाव परत देई. तो दोन घाली, भिंत दोन देई. पाचव्या मिनिटाला वीट ढासळली, माती त्याच्या मिशीत बसली आणि समोर भोक पडलं.

भोकात एक डोळा होता. डोळ्यावरच्या भुवईत जुनी खोक होती. ती खोक विटीदांडू खेळताना मच्छिंद्रानंच पाडलेली.

"वायर कुठंय?" दोघं एकदम ओरडले.

"चोरा, तू मळ्यात हुतास ना?" मच्छिंद्र म्हणाला.

"आन् तू शिरूरला जाणार हुतास ना? दादा, माझं बिल तेहतीस आलंय, तेहतीस! तू माझी लाइट वढतोस!"

"तेहतीस?" मच्छिंद्राची पहार खाली आली. "अरं, माझी चोरून तुला तेहतीस कसं येईल?"

"मी कशाला चोरू? ह्यो बघ, अर्ज बी लिहून ठिवलाय मी तुझ्यावर!" भोकातून एक कागद आला. मच्छिंद्रानं खिशातला आपला काढून तिकडं सरकवला. दोघांनी वाचले. 'सदर इसम लहानपणापासून लबाड असून भिंतीतून वायर ओढून विजेची चोरी करतो.' इकडं तेच, तिकडं तेच. अक्षर आनंदरावाचं. नावं तेवढी इकडची तिकडं.

"किती घेतलं त्यानं तुझ्याकडनं?" मच्छिंद्रानं विचारलं.

"दीड रुपया."

"माझ्याकडनं दोन!"

भोकातला डोळा बारीक झाला. हसत होता मेला. वर्षभरानं हसत होता. मच्छिंद्राच्याही मिशीतली माती हलायला लागली होती, तेवढ्यात ओट्यावरून आरोळी आली.

"हाण सर्ज्या! पळ, पळ, पळ!"

सर्ज्या तर मळ्यात बांधलेला! मच्छिंद्र बाहेर धावला. पुढच्या खोलीत येतो तर काय, भरदुपारी बल्ब चालू, रेडू चालू, आणि दौंडच्या मेव्हण्यानं दिलेली विजेची इस्त्री फरशीच्या तुकड्यावर उभी राहून तापतेय.

ओट्यावर सोजरा रेघेच्या अलीकडं, ज्योतिबा पलीकडं. दोघांचे डोळे फळीवरच्या मीटरवर.

"सोजरे! खेळायचं न्हाई म्हणून सांगितलं हुतं ना?"

"आप्पा, आमी खेळत न्हाई," सोजरा दचकून म्हणाली. "रेघ बी वलांडली न्हाई. बोलत बी न्हाई. आमी आपापल्या मीटरशी बोलतो."

तोवर बन्सीही बाहेर आला होता, डोक्यावर अर्धी वीट घेऊन.

"नाना, ती चकती फिरती ना, तिच्यावर लाल ठिपका हाय बघा," ज्योतिबानं बापाला घाबरत घाबरत सांगितलं. "त्यो बैल. ह्यो आमचा पाखऱ्या, त्यो त्यांचा सर्ज्या. आधी पन्नास फेरे मारंल त्यो जिंकला."

"पर चारा घातल्याबिगर पळत न्हाईत," सोजरा म्हणाली. "बल्ब म्हंजी कडबा. रेडू म्हंजी भुसा. ज्योत्याकडं विजेची शेगडी हाय, ती म्हंजी सरकी. आप्पा, तुमी बल्ब काढून ठिवलं आन् माझा सर्ज्या उपाशी पडला. रोज हाराय लागला. म्हणून मग इस्त्री लावली."

मच्छिंद्राचा हात वर गेला होता. तिथंच राहिला. या पोरांनी वर्षभर रेघ पाळली होती, शब्द पाळला होता, आणि तरी अलीकडं रोज दुपारी दोघांनी मिळून ती फुटलेली जोडी एका फळीवर पळवली होती. तो मीटरकडं वाकला.

"कितवा फेरा चाललाय?"

"पाखऱ्या बावीस, सर्ज्या एकोणीस."

बन्सीनं मिशीवरनं बोट फिरवलं. तेवढंच पुरलं.

"बन्स्या, सर्ज्या कवा मागं राहिला हुता का रं?"

"आत्ता तर हाय की, दादा."

मच्छिंद्र तडक आत गेला. पेटीचं कुलूप काढलं, दोन्ही बल्ब लावले, पंखा लावला. बन्सीनं आतून पाणी तापवायचा रॉड आणला आणि बादलीत सोडला. चकत्या अशा भिंगायला लागल्या की ठिपके दिसेनात. दोघे भाऊ मांड्या थोपटून ओरडत होते, "हाण! हाण!" आणि पोरं रेघेवरच उड्या मारत होती. रेघ कुठली, पांढरा फुफाटा झाला तिचा.

फाट्! खांबावर निळी ठिणगी उडाली. दोन्ही बैल जागच्या जागी उभे.

"सर्ज्या मोहरं हुता!"

"पाखऱ्या हुता!"

"दोन्ही बैलांच्या पुढं तुमी दोघं हुता," मागून सिंधूबाईचा आवाज आला. ती आणि जाऊ पार्वती डोक्यावर गवताचे भारे घेऊन उभ्या होत्या. दोघी वर्षभर विहिरीवर रोज पोटभर बोलत होत्या, ते नवऱ्यांना अजून माहीत नव्हतं. उघड्या दारातून भिंतीचं भोक दिसलं तशी सिंधूबाई म्हणाली, "आता चला, दोघं मिळून भिताड लिंपा."

पण आधी तू तुझ्या बाजूनं लिंप, आधी तू, यात ते भोक तसंच राहिलं. त्यातून ताक जायला लागलं, कालवणाची वाटी यायला लागली. नांगराला बैल पुन्हा जोडीनं जुंपले. फळीवरच्या शर्यती मात्र चालूच राहिल्या.

पुढचं बिल आलं तेव्हा सिंधूबाईनं ते नवऱ्याच्या हातात दिलं आणि दोन पावलं मागं सरली. मच्छिंद्रानं पाहिलं. एक्केचाळीस. तो उठला, भोकाला तोंड लावलं.

"बन्स्या, तुझं किती आलं रं?"

"बेचाळीस, दादा."

मच्छिंद्र मटकन खाली बसला.

"काय झालं वो?" सिंधूबाईनं घाबरून विचारलं.

"हारलो की गं," तो म्हणाला. "एका रुपयानं हारलो!"