मनकर्णाबाई नाही म्हणाल्या

"बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा," रिना म्हणाली.

"मनकर्णा गुणवंतराव बुरांडे," गुणवंतराव म्हणाले.

रिनानं कॅमेरा बंद केला. "भाऊ, नाव बाईंनीच सांगायचं आहे. त्यांच्या आवाजात."

"एकच तं आहे. ती सांगन का मी सांगन."

"एकच नाही भाऊ, नियम आहे."

गुणवंतरावांना हा नियम अजब वाटला. गावी पोंभुर्ण्यात मतदार यादीवाला आला, आशाताई आली, की तो बायकोकडे बघून प्रश्न विचारायचा आणि उत्तर गुणवंतरावांकडून घेऊन जायचा. आजवर कोणाची तक्रार आली नव्हती. मनकर्णाबाईंचीही नाही.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाय घसरून मनकर्णाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. चंद्रपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. सून मिठाई वाटायच्या बेतात असताना बाईंना ताप भरला, खोकला सुरू झाला आणि नाकावर ऑक्सिजनचा मास्क आला. दवाखान्यातच लागलेला न्यूमोनिया, असं डॉक्टर म्हणाले. औषध त्याच सकाळी चालू केलं. मग म्हणाले, अशाच न्यूमोनियावर एका नवीन औषधाची ट्रायल इथे सुरू आहे, तुमची तयारी असेल तर...

डॉक्टरांचं वाक्य संपायच्या आत गुणवंतराव हो म्हणाले होते.

पण ते हो कोणाच्या कामाचं नव्हतं. मनकर्णाबाई शुद्धीवर होत्या, बोलू शकत होत्या, म्हणून हो त्यांचंच हवं होतं, तेही कॅमेऱ्यासमोर. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून घराबाहेरचा एक साक्षीदारही हवा होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा मुलगा लालसू, भामरागडकडचा, तो तयार झाला. आणि वरोऱ्याची रिना, जिची ही नोकरीच होती, ती सकाळपासून सगळं समजावून सांगून आता कॅमेरा घेऊन उभी होती.

गुणवंतरावांना पडद्याच्या बाहेर उभं केलं.

"बाई, तुम्हाला काय आजार झालाय?"

मनकर्णाबाईंनी मास्क जरा बाजूला केला. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "न्यूमोनिया. डाव्या बाजूनं."

रिनानं कॅमेरा पुन्हा बंद केला. ती बाहेर गेली आणि म्हणाली, "भाऊ, माझं एक काम कराल का? खालून चहा आणाल?"

"किती कप?"

"चार. सावकाश आणा."

चहाची टपरी फाटकाबाहेर होती. गुणवंतराव गेले. पडद्याच्या आत कॅमेरा चालू झाला. मनकर्णाबाई दम खात खात बोलू लागल्या.

"माझं नाव मनकर्णा. मांडी जोडाले आली, इथीच छातीचं दुखणं लागलं. औषध नवीन आहे. कोणाले नवीन भेटन, कोणाले जुनं. चिठ्ठ्या टाकल्यावानी. माह्या वाट्याले कोणतं आलं ते मलेबी सांगणार नाई, डॉक्टरलेबी माहीत नाई."

रिनाला आनंद झाला. इतकं नीट फार कमी लोक सांगत. "आणि बाई, यात भाग घ्यायचा की नाही, ही पूर्ण तुमची मर्जी आहे. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. तर तुम्हाला भाग घ्यायचा आहे का?"

मनकर्णाबाईंनी थोडा विचार केला.

"नाई," त्या म्हणाल्या.

चहा घेऊन गुणवंतराव परत आले तेव्हा रिना कॅमेरा पिशवीत ठेवत होती.

"झालं?"

"झालं भाऊ. बाई नाही म्हणाल्या."

गुणवंतराव समजुतीनं हसले. "ती नाई म्हणत नाई."

"म्हणाल्या."

"मशिनमंदी काई गडबड झाली असन. तिले नाई म्हणताच येत नाई. मी वळखतो ना तिले."

"मी आयकलं," लालसू आपल्या आईच्या खाटेवरून म्हणाला. "नाई म्हणाल्या. साफ."

गुणवंतरावांनी खाटेकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी मास्क नीट लावला होता आणि डोळे मिटले होते.

दुपारी माजरीहून मुलगा धनराज आला. तो कोळसा खाणीत नोकरीला होता. त्याला वाटत होतं की माणसाशी मोठ्यानं बोललं की पटतं. "माय, काऊन असं करून राह्यली? फुकट औषध भेटून राह्यलं." मनकर्णाबाईंनी डोळे उघडले नाहीत. त्यानं मामाला फोन केला. मामा म्हणजे मनकर्णाबाईंचा भाऊ सोमाजी. तो संध्याकाळी गावातल्या चार माणसांना घेऊन जीप करून आला, कारण बहीण एकट्याचं ऐकणार नाही असं त्याला वाटलं. एकानं नवं पातळ घेऊन द्यायचं कबूल केलं. एकानं पाया पडून पाहिलं. सोमाजी तर रडायला लागला. मनकर्णाबाईंनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान नकारार्थी हलवली.

सिस्टरनं सगळ्यांना बाहेर काढलं. तिथे डॉक्टर आले.

"हे काय चाललंय तुमचं?"

"समजावून राह्यलो जी," सोमाजी म्हणाला.

"असं समजावलेलं चालत नाही. त्या आता हो म्हणाल्या ना, तरी मला ते हो घेता येणार नाही. सगळ्या वॉर्डानं तुम्हाला जबरदस्ती करताना पाहिलंय."

म्हणजे जितका जोर लावावा तितकं ते हो बाद होत जाणार, हे हळूहळू प्रत्येकाच्या डोक्यात शिरलं. सोमाजीनं जीप परत नेली. धनराजला ड्यूटी होती. तो जाताना बापाला म्हणाला, "बाबा, तुमी आता काईच बोलू नका."

गुणवंतराव खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. न बोलता बसायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पाण्याची बाटली भरली, चादर सारखी केली, पुन्हा सारखी केली. शेवटी राहवलं नाही.

"मी समजावून नाई राह्यलो," ते हळूच म्हणाले. "फक्त इचारून राह्यलो. काऊन नाई म्हटलं तू?"

मनकर्णाबाईंनी मास्क सरकवला. "ते पोरगी म्हणे, हो म्हणा का नाई म्हणा, तुमची मर्जी. नाई म्हटलं तरी चालते म्हणे. म्हटलं, पाहू तं खरंच चालते का."

"मंग? चाललं?"

"चाललं ना. जीप आली."

गुणवंतराव हसले. मग त्यांचं हसू तिथंच अडकलं. "मी का तुले कधी अडवलं?"

"अडवलं नाई. इचारलंई नाई."

"काय इचाराचं होतं?"

मनकर्णाबाईंना धाप लागली होती. थोड्या वेळानं म्हणाल्या, "कांताले सिरोंच्याले देल्ली तवा."

"जावाई वाईट आहे का?"

"लय चांगला आहे. मी होच म्हटलं असतं."

गुणवंतराव स्टूल ओढून पुढे सरकले. मग खाकरले. "मंग आता इचारतो. औषध..."

"तुमी नोका इचारू," मनकर्णाबाई म्हणाल्या. "जबरदस्ती धरतीन."

सकाळी रिना कामावर आली तेव्हा मनकर्णाबाईंनीच हात वर करून तिला बोलावलं. श्वास आदल्या दिवसापेक्षा जड झाला होता.

"हो म्हणाचं आहे," त्या म्हणाल्या. "काल सारे बोलून राह्यले होते. आज कोणी नाई बोलून राह्यलं. काढ तुहा कॅमेरा."

रिना धावतच डॉक्टरांकडे गेली. परत आली ती मात्र सावकाश.

"बाई, नियम आहे. आधीचं औषध एक दिवसापेक्षा जास्त चाललं असेल तर ट्रायलमध्ये घेता येत नाही. तुमचं काल सकाळी सुरू झालं."

गुणवंतराव उभे राहिले. "काल ते नाई म्हणे तं तुमी या म्हणत होते. आज ते हो म्हणते तं तुमी नाई म्हणता. काय चाललं आहे हे?"

रिनाचे डोळे भरून आले. मनकर्णाबाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक ओढून त्यांना खाली बसवलं. "तिले नोका बोलू. तिले तरी कोण इचारते?"

गुणवंतराव डॉक्टरांच्या खोलीत गेले. "एकच सांगा साहेब. काल हो म्हटलं असतं तं बरी झाली असती का?"

"भाऊ, निम्म्या लोकांना आता बाईंना चालू आहे तेच औषध मिळतं. उरलेल्यांना नवीन. त्यातलं कोणतं बरं, हे आम्हालाही माहीत नाही. माहीत असतं तर ट्रायल केली नसती."

"म्हणजे कोणालेच माहीत नाई."

"नाही."

हे उत्तर घेऊन गुणवंतराव वॉर्डात आले. त्यांना ते धड रागावायलाही पुरेना, धड रडायलाही.

पुढे औषध बदललं, दुसरं लावलं. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. मग एका सकाळी डॉक्टरांनी गुणवंतरावांना व्हरांड्यात घेतलं. आता श्वासाच्या मशीनवर घ्यावं लागेल, घशातून नळी घालावी लागेल, त्यातून बाहेर येतील याची खात्री नाही. "तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले.

गुणवंतरावांनी तोंड उघडलं. शेजारी उभ्या धनराजला वाटलं, बाबा आता सांगून टाकणार. त्यांनी तोंड मिटलं.

"तिले इचारा," ते म्हणाले.

मनकर्णाबाईंनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं. "नळी नाई," त्या म्हणाल्या. "घरी."

या वेळी जीप आली नाही. धनराज काही बोलणार होता. बापानं त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवी भरायला घेतली. रिना अॅम्ब्युलन्सपर्यंत सोबत आली, ऑक्सिजनचं सिलिंडर धरून.

घरी खाट कुठे टाकायची, हे गुणवंतरावांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, ओसरीत. दार उघडं ठेवू की लोटू, तेही विचारलं. उशी उंच करू का, पाणी कोमट करू का, रेडिओ लावू का. कांता सिरोंच्याहून आली होती, तीही विचारायला लागली. शेवटी मनकर्णाबाई वैतागल्या. "आता किती इचारता रे," एवढं बोलून त्यांनी कूस बदलली. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत त्या गेल्या. गुणवंतराव त्या वेळी त्यांचे पाय चेपत होते. पाय गार झाल्यावरही ते चेपतच राहिले. शेवटी कांतानं त्यांचे हात धरले.

दहाव्याच्या दिवशी पानात वाढायचं ते गेलेल्या माणसाच्या आवडीचं. सकाळी सून चुलीशी बसली आणि तिनं सासऱ्यांना विचारलं, "बाबा, मायले काय आवडे?"

"भरलं वांगं," गुणवंतराव लगेच म्हणाले. "तेल वर आलेलं. अन् ज्वारीची भाकर."

सुनेनं वांगी घ्यायला हात पुढे केला.

"ते तुमाले आवडते, बाबा," कांता म्हणाली. "मायले वांग्यानं घसा खाजवे."

गुणवंतराव थांबले. त्यांनी आठवून पाहिलं. मनकर्णाबाई जेवताना कशा दिसत, हे त्यांना आठवेना, कारण त्या नेहमी नंतर जेवत.

"मंग काय आवडे तिले?"

"वास्ते," कांता म्हणाली.

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात बाया रानातून आणतात, चिरून भिजवतात. त्यांना उग्र वास येतो. गुणवंतरावांना तो वास खपत नसे, म्हणून त्यांच्या घरी वास्ते कधी शिजले नव्हते.

"आपल्या घरी कुठी होत होते?"

"घरी नाई. समोरच्या लटारू काकाच्या घरी. काकू करे अन् माय तिथी जाऊन खाये."

"ती तं तिथी भजनाले जाये."

कांतानं वांगी उचलून ठेवली.

गुणवंतरावांनी चप्पल घातली. तासाभरानं ते परत आले, सदरा काट्यानं फाटलेला आणि कुशीत वास्त्यांचं गाठोडं. भिजवायला वेळ नव्हता, म्हणून कांतानं ते दोनतीनदा उकळून पाणी टाकलं. वास घरभर झाला, ओसरीत आला, रस्त्यापर्यंत गेला. लटारूची बायको आपल्या दारात येऊन उभी राहिली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

पान ठेवलं. मग घरातले जेवायला बसले. सुनेनं गुणवंतरावांसाठी वेगळं वरण केलं होतं. ते त्यांनी बाजूला सारलं आणि वास्त्यांची भाजी वाढायला सांगितली. पहिल्या घासाला त्यांचं तोंड वाकडं झालं. धनराजला हसू आलं, त्यानं मान खाली घातली.

"वाढू का आणखी, बाबा?" कांतानं विचारलं.

गुणवंतरावांना ती भाजी अजिबात आवडली नव्हती.

"वाढ," ते म्हणाले.