सरकारी मंत्र

कामिनीची तलाठ्याची परीक्षा रविवारी होती. घरात पाहुणे भरलेले, म्हणून ती गोठ्यात बसून सरकारी खात्यांची बोधवाक्यं पाठ करत होती. ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. अमळनेरजवळच्या त्या खेड्यात सुनेनं पुस्तक घेऊन बसावं, हे सासूबाई सुनंदाबाईंना मुळीच पसंत नव्हतं. पण कित्येक दिवस दूध चोरणारी गाय त्या दिवशी 'अहर्निशं सेवामहे' ऐकता ऐकता पान्हवली. सुनंदाबाईंनी धार काढली आणि चरवी घेऊन थेट शेजारी सांगायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी भागाबाई चारा सोडलेली शेळी घेऊन आली. हा मंत्र नव्हे, टपाल खात्याचं बोधवाक्य आहे, असं कामिनीनं परोपरीनं समजावलं.

"सरकारनं शे ना?" भागाबाई शांतपणे म्हणाली. "मंग लागू पडीच."

नाही म्हणावं तर सुनेला गर्व चढला अशी बोलवा होणार. कामिनीनं शेळीसमोर टपाल खातं म्हटलं, गल्लीतल्या कौतिकच्या मारक्या रेडकासमोर पोलीस खातं. दोन्ही जनावरं सुधारली. कशी, ते तिलाही कळलं नाही. अभ्यास मात्र मागे पडला.

शुक्रवारी सुपडू नाना रडतच आले. त्यांची म्हैस पोट फुगून आडवी झाली होती, आणि घरात दुभतं तेवढंच. कामिनी पुस्तक ठेवून त्यांच्या गोठ्यात धावली.

"नाना, हिला आयुर्विम्याचं लागतं," ती म्हणाली, "पण ते सुईशिवाय लागू पडत नाही."

तिनं सरकारी पशुवैद्यकांना फोन लावला. ते येईपर्यंत नानांच्या जिवाला आधार म्हणून म्हशीच्या कानाशी 'योगक्षेमं वहाम्यहम्' म्हणत राहिली. डॉक्टरांनी येऊन नळी घातली, सुई टोचली; बऱ्याच वेळानं म्हैस उठून उभी राहिली. नानांनी डॉक्टरांना वळसा घालून कामिनीला हात जोडले.

हात धुऊन डॉक्टरांनी तिला बाजूला बोलावलं. आता अंधश्रद्धेवरून ऐकून घ्यावं लागणार, म्हणून ती खाली मान घालून गेली.

"ताई," ते हळूच म्हणाले, "माझ्या धुळ्याच्या बदलीची फाईल केव्हाची अडकलीये. तिला कोणतं चालेल?"

तेवढ्यात मागोमाग आलेल्या सुनंदाबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"रविवारना नंतर या, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आते तिले वाचू द्या."