तीन भिंतींची खोली

“या खोलीत एक मिलिमीटरसुद्धा वाया जाणार नाही!” अशी घोषणा ज्यांनी केली, त्यांना सगळे मिलिमीटरराव म्हणतात आणि ते स्वतः ही पदवी समजून मिरवतात. जहाजं, विमानं यांच्या चिमुकल्या प्रतिकृती बनवायच्या आणि एअरब्रशने, म्हणजे पेनाएवढ्या फवाऱ्याने, त्या रंगवायच्या, हा त्यांचा छंद. सहा वर्षं हा छंद जेवणाच्या टेबलावर चालला होता आणि घर मांडीवर ताट घेऊन जेवत होतं.

शेवटी पाणी डोक्यावरून गेलं. घरात एकच खोली रिकामी होती आणि तिच्यावर बायकोचाही डोळा होता, शिलाई मशीनसाठी.

“हे बघा,” बायको म्हणाली, “रविवारी संध्याकाळपर्यंत लावून झाली, तर खोली तुमची. नाही झाली, तर सोमवारी माझं मशीन आत! मग कुरकुर चालणार नाही.”

“अगं, दुपारीच मोकळा होतो की नाही बघ!”

दुसरा कोणी असता तर कागदावर चार रेघा मारून सुताराच्या हातात दिल्या असत्या. पण हे पडले मिलिमीटरराव! त्यांनी आधी त्या खोलीचीच प्रतिकृती बनवली. पुठ्ठ्याची, चोवीसपट लहान. खिडकी, खिडकीत रंगाचा वास बाहेर फेकणारा पंखा, कपाटं, खुर्ची आणि खुर्चीवर मिशांसकट स्वतः! तीन बाजूंना भिंती आणि चौथी बाजू मोकळी, आतलं नीट दिसावं म्हणून. त्या मोकळ्या बाजूला सात फुटी टेबल असं काही शोभत होतं, की ते नुसते बघतच बसले. यात आठवडा संपला.

रविवारी सकाळी सुतारकाका आले. त्यांनी नमुना फिरवून फिरवून पाहिला.

“झकास, साहेब! पण ते दार...”

“काका, नमुन्यात आहे तसंच करायचं. उगाच डोकं चालवायचं नाही!”

काकांची उभी हयात असल्या साहेबांत गेली होती. ते मुकाट्याने कामाला लागले. “भुसा घरात आला तर बघा!” असा बाहेरून दम आल्यामुळे दार घट्ट लावून घेतलं. दुपारी तीनला टेबल दोन्ही बाजूंच्या भिंतींत ठोकून पक्कं झालं. केस जाईल एवढीही फट नाही! मिलिमीटररावांचा ऊर भरून आला. बायकोला दाखवायला म्हणून त्यांनी टेबलावरून वाकून दार आत ओढलं. ते चार बोटं उघडलं आणि टेबलाच्या कडेला धडकून थांबलं.

पुन्हा ओढलं. पुन्हा चार बोटं.

“काका, हे दार का उघडत नाही?”

“कुठलं दार? नमुन्यात दाराची भिंतच नाहीये, साहेब.”

“अहो, झालं का?” बाहेरून आवाज आला.

“झालं! म्हणजे, खोली झाली. फक्त आम्हाला बाहेर येता येत नाहीये!”

फटीत बायकोचा एक डोळा दिसला. एका डोळ्याने जेवढं हसता येतं, तेवढं ती हसली.

खिडकीला गज. फटीतून कपही जाईना. मग एअरब्रशची कोरी नळी बाहेर सरकवली, बायकोने स्टुलावर चढून तिला नरसाळं लावलं आणि चहा ओतला. दोघं आळीपाळीने चहा प्यायले. मिलिमीटररावांनी तर काळजीच्या भरात चांगला तीन कप ओढला.

“साहेब, आता इलाज एकच,” काकांनी करवत उचलली. “टेबल कापू का दार?”

सात फूट टेबल, लोण्यासारखं गुळगुळीत! पोटच्या पोरावर करवत चालवायची?

“दार कापा!”

टेबलाच्या उंचीवर दार आडवं कापलं आणि वरचा अर्धा भाग ऐटीत आत उघडला. काका टुणकन टेबलावरून बाहेर! मागोमाग वजनदार अंगाच्या मिलिमीटररावांनी गुडघा टेकवला, तर टेबल असं करकरलं, की त्यांनी जीव मुठीत धरून गुडघा मागे घेतला. तेवढ्यात आवाज ऐकून शेजारीण आली. “अगंबाई! दुकान काढताय?”

बायकोने कोपरं टेबलावर टेकली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “काका, इथे दोन फुटांची उचलायची फळी करा. दुकानात असते तशी.”

“अगं, टेबल नको! टेबलासाठी तर दार कापलं!”

“मग नका येऊ बाहेर. फळी झाली तर खोली माझी, बोला!”

“मुळीच नाही!” मिलिमीटरराव गरजले. पण मघाचा तीन कप चहा आता आपलं काम करू लागला होता. त्यांनी पाय अदलूनबदलून पाहिले. छताकडे पाहिलं. पुढची दहा मिनिटं त्यांनी फार धीराने काढली, हे कबूल करायला हवं.

“काका... कापा. आणि जरा हात चालवा हो!”

हल्ली त्या खोलीत मशीन धडधडतं आणि टेबलापुढे पडदे, अभ्रे, चादरी घेऊन बायकांची रांग असते. परवा जेवणाच्या टेबलावर जहाज रंगवताना वास फारच झाला, तेव्हा मिलिमीटरराव जहाज हातात घेऊन त्या खोलीच्या टेबलाशी गेले.

“अगं, तुझ्या खिडकीतल्या पंख्याखाली जरा पंधरा मिनिटं...”

बायकोने सुईवरून नजरही वर केली नाही.

“रांगेत या,” ती म्हणाली.

मिलिमीटररावांचा नंबर सातवा होता.