रंगाभाऊंची पिक्चरची गाडी

रंगनाथ पगारे धंद्याने डेंटर. नाशिकमधल्या द्वारकेकडच्या एका गॅरेजात ठोकलेल्या मोटारींचे पत्रे आतून हातोडीने हळूहळू ठोकत सरळ करणं, हे त्यांचं काम. पोचा कुठे होता हे नंतर गाडीच्या मालकालाही सापडायचं नाही. अशा माणसाने स्वतःच्या गाडीच्या डाव्या मडगार्डला चार दिवस खपून एक पोचा पाडला.

"कोणी धडकलं का, रंगाभाऊ?" मी विचारलं होतं.

"धडकतंय कोण? मीच पाडलाय."

"मुद्दाम?"

"पिक्चरमधी हाय, सर. इंटरव्हलच्या आधी हिरो फाटकाला घासतो. तिथनं शेवटपर्यंत पोचा तसाच हाय. बाकी कोणाला दिसला नाय. मला दिसला."

पुढे एकदा ते लग्नासाठी गावी, सायखेड्याला गेले असताना गॅरेजातल्या मुनीर नावाच्या कारागिराने प्रेमाने तो पोचा काढून टाकला, वर रंगाचा हात मारून ठेवला. रंगाभाऊ महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. "मैंने तो दोस्ती में निकाला," असं मुनीर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला. रंगाभाऊंनी पुन्हा चार दिवस घालवले आणि पोचा पूर्ववत केला.

त्या पिक्चरचं नाव मी लिहीत नाही. लिहूनही कोणाला आठवणार नाही. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. नाशिकला तो नऊ दिवस चालला आणि उतरला. त्यात वरून उघडी, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख असलेली एक गाडी होती. रंगाभाऊंनी नऊही दिवस तो पिक्चर पाहिला. अंधारात सिगारेटच्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर ते गाडीची चित्रं काढत. बाहेर येऊन पाहत तेव्हा एकावर एक चार रेघा पडलेल्या असत. शेवटी मशीन चालवणाऱ्याने त्यांना फिल्मचा तुटलेला वीतभर तुकडा दिला. तो ते पाकिटात जपून ठेवत आणि समोरच्याला उन्हाकडे धरून बघायला लावत.

एका डॉक्टरांची जुनी विलायती मोटार भंगारात निघाली होती. ती त्यांनी घेतली आणि तिच्या सांगाड्यावर दोन वर्षं रोज संध्याकाळी पत्रा चढवला. लग्न केलेलं नव्हतं. दोन वर्षं कोणी घरी वाट पाहणारं नव्हतं. गाडी तयार झाली तेव्हा तिचा रंग पाहून आमची कॉलनी चाट पडली. जुन्या विटेवर दूध सांडावं तसा तो रंग होता. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने सांगितलं, की हा पिक्चर त्याने पहिल्याच आठवड्यात पाहिलाय आणि गाडी लालभडक होती. मग उलगडा झाला. नाशिकपर्यंत येईतो प्रिंट झिजून विटली होती. रंगाभाऊंनी विटलेला रंग हुबेहूब उतरवला होता.

"मुंबईला लाल असंल," ते म्हणाले. "नाशिकला अशीच आली."

ती गाडी घेऊन ते जत्रा, शाळेची स्नेहसंमेलनं, दुकानांची उद्घाटनं, सगळीकडे जात. समोर पाटी लावत: 'पिक्चरमधली गाडी. हात लावू नये.' लोक विचारत, "कोणता पिक्चर?" नाव सांगितलं तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. मग रंगाभाऊ अख्खी गोष्ट सांगत, गाण्यांसकट. त्र्यंबकच्या जत्रेत एक म्हातारा पाऊण तास ती गोष्ट ऐकून म्हणाला, "पिक्चर भारी हाय. कधी लागणार?" रंगाभाऊ त्याला म्हणाले, "लागून गेला, बाबा."

कॉलनीत त्यांना हिरो म्हणत. तोंडावर म्हणत. पाठीमागे आणखी बरंच म्हणत. मीही त्यात होतो. मी शाळेत मराठी शिकवायचो. मला आपल्या माणसाने पुस्तकं सोडून पिक्चरच्या मागे लागावं याची चीड यायची. ती चीड मी चांगल्या भाषेत मांडायचो, त्यामुळे ती विचारासारखी दिसायची.

सटाण्याची हकिकत त्यांनी स्वतःच मला सांगितली, हसत हसत. कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे लग्न होतं. नवरदेवाच्या वरातीला गाडी हवी होती. रंगाभाऊ इस्त्रीचे कपडे घालून गेले. गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या गेल्या. नवरदेवाचे मामा गाडीभोवती दोनदा फिरले.

"गाडी ते भारी शे," मामा म्हणाले. "आडनाव काय तुमचं?"

"पगारे."

"कोणते पगारे?"

"गॅरेजवाले पगारे."

मामांना ते उत्तर पुरलं नाही. त्यांनी गाव विचारलं, गावात घर कोणत्या अंगाला आहे ते विचारलं, आणि मग विचारायचं थांबले. थोड्या वेळाने परत आले आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "असं करू. गाडी आमचा पोरगा चालवील. तुम्ही बसा तिकडं निवांत. जेवणाचं पान तिकडंच पाठवून देतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हणालो, पिक्चरमधी ही गाडी दुसरं कोणी चालवत नाय."

ते गाडीत बसले आणि माळांसकट नाशिकला परत आले. कॉलनीच्या तोंडाशी पोरांनी ओरडून सांगितलं, हिरोला बायको मिळाली नाही, नवरा रिकामा परत आला. रंगाभाऊंनी माळा सोडून पोरांना वाटल्या. मला हे सगळं सांगताना ते इतके हसत होते की मीही हसलो. कशाला हसलो, ते आज मला नीट सांगता येत नाही.

त्यांना या गाडीकडून खरं हवं होतं ते एकच, आणि ते सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तसबीर त्यांच्या गाडीत बसावी. त्यांचे वडील सायखेड्याला पाटलाच्या घोड्यापुढे पळत आयुष्यभर वाट मोकळी करत आले होते. रंगाभाऊ म्हणायचे, "बापानं दुसऱ्याच्या मिरवणुकी लय ओढल्या. मला आपली एक चालवू द्या. चालीनं चालवीन. ब्रेकचा धक्कापण लागू देणार नाय."

दरवर्षी मार्चमध्ये त्यांचा अर्ज यायचा. उत्सव समितीचा चिटणीस मी. समाजमंदिरात बैठक बसायची, अर्ज वाचला जायचा, आणि सगळे माझ्याकडे बघायचे. पहिल्या वर्षी दोघेतिघे जण अनुकूल होते. तेव्हा मी उठून बोललो. ज्यांनी आपल्या हातात पुस्तक दिलं, त्यांची तसबीर नाचगाण्याच्या गाडीत ठेवायची का, असं मी विचारलं. उघड्या गाडीत, पंख लावलेल्या, पोचा पडलेल्या. जग काय म्हणेल? ट्रक ठरला. त्यानंतर मला पुन्हा बोलावं लागलं नाही. माझं ते भाषण दरवर्षी न बोलता चालू राहिलं.

नकाराचं पत्र मीच लिहायचो. 'आपल्या भावनेविषयी समितीला पूर्ण आदर आहे, तथापि...' असं ते असायचं. रंगाभाऊ पत्र घेऊन माझ्या दारात उभे राहायचे.

"अक्षर लय सुंदर तुमचं, सर. नकारपण वाचावासा वाटतो."

"समितीचा निर्णय आहे, रंगाभाऊ."

"हां, ते हायच. तथापि आलं की पुढचं मी वाचतच नाय."

एवढं बोलून ते पत्राची घडी करून खिशात घालत आणि आत माझ्या आईला जयभीम घालून जात. नऊ पत्रं लिहिली मी त्यांना. एका वर्षी ट्रकवाला ऐन वेळी आला नाही, तेव्हा आम्ही नाशिकरोडहून दुसरा ट्रक मागवला आणि मिरवणूक दोन तास उन्हात ताटकळत ठेवली. रंगाभाऊंची गाडी पन्नास पावलांवर धुऊनपुसून उभी होती. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. मी तर नाहीच.

या जानेवारीत ते गेले. गॅरेजात एका गाडीखाली निजून काम करत होते. बराच वेळ ठोकण्याचा आवाज आला नाही, म्हणून मुनीरने वाकून पाहिलं. सायखेड्याहून पुतण्या आला. त्याला गाडीचं काय करावं कळेना. ती चालवायला कोणी घेईना, ठेवायला जागा नव्हती. भंगारवाल्याने ती रंगाभाऊंच्या अंगणातच कापली. दिवसभर कापण्याचा आवाज कॉलनीत येत होता, आणि मी त्या दिवशी खिडकी लावून वह्या तपासत होतो. शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी बोललो. चांगलं बोललात, असं बरेच जण येऊन म्हणाले.

एप्रिलमध्ये मिरवणूक झाली, ट्रकवरच. दुसऱ्या दिवशी, पंधरा तारखेला, मी शाळेत जायला निघालो तर आई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून दाराशी खुर्चीत बसलेली. तिच्या गुडघ्यांनी बारा वर्षांपूर्वीच जवाब दिलाय. ती घराबाहेर जात नाही, असं मी समजत होतो. मांडीवर तिने भिंतीवरची तसबीर घेतली होती. काच पुसलेली.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"कुठं नाय. ध्यानात राहिलं नाय मला," ती म्हणाली. "पंधरा तारीख म्हणून नेसले. रंगा नाय आता."

मी दप्तर खाली ठेवलं. तिने सगळं सांगितलं, फार काही विशेष नसल्यासारखं. दरवर्षी पंधरा एप्रिलला मी शाळेत गेलो की रंगाभाऊ गाडी घेऊन दाराशी यायचे. आईला उचलून मागच्या सीटवर बसवायचे. मग शेवटच्या चाळीतली आंधळी भागामावशी, मग लकव्याने बसलेली काशीबाई. ज्यांना चालवत नाही, त्या तिघी. आईच्या मांडीवर आमच्या घरातली तसबीर. आदल्या दिवशी मिरवणूक ज्या वाटेने गेलेली असे, त्याच वाटेने ते गाडी न्यायचे, माणूस चालतो तेवढ्या वेगाने. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना हाताने पुढे जा म्हणायचे. मिरवणूक जिथे थांबली तिथे थांबायचे आणि मागे वळून सांगायचे: इथं लेझीम झाली, पोरींनी खेळली. इथं एका म्हाताऱ्यानं पायातलं काढून नमस्कार केला. इथं वरच्या गॅलरीतनं कोणीतरी फुलं टाकली, कोणी ते कळलं नाय.

"त्यांना बरं माहीत असायचं," मी म्हणालो. मिरवणुकीत ते मला कधी दिसले नव्हते.

"फुटपाथवरनं चालायचा ना तो, तुमच्या बाजूनं. बघून ठेवायचा आमच्यासाठी. भागाला तर दिसत नाय. तिला तो फुलांचा रंगपण सांगायचा."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तूच कागद लिहिला होतास, नको म्हणून. शिकलेला तू. तुझ्या कागदावर मी काय बोलू? आणि तोच म्हणायचा, मावशी, सरांना कळू देऊ नका. त्यांना वाईट वाटंल."

म्हणजे आठ-नऊ वर्षं तसबीर त्या गाडीत बसत होती. माझ्याच घरातली. संध्याकाळी मी यायचो तेव्हा ती परत खिळ्यावर असायची, आणि काच स्वच्छ दिसली तर मला वाटायचं, आईने पुसली असेल.

शाळेत उशिरा येतो असा निरोप मी शेजारच्या मुलाबरोबर पाठवला आणि रिक्षा आणली. आईला उचलताना मला तिचं वजन माहीत नव्हतं, हे कळलं. ती फार हलकी होती. भागामावशीला घेतलं. काशीबाई मागच्या दिवाळीत गेली होती. रिक्षावाल्याला मी हळू चालव म्हणालो. त्याने दोनदा मान डोलावली आणि दोनदा वेग धरला.

"रंगा असं पळवायचा नाय," भागामावशी म्हणाली.

शालिमारच्या चौकात आईने माझ्या खांद्याला हात लावला. मी रिक्षा थांबवली. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत राहिला.

"इथं काय झालं रे काल?" आईने विचारलं.

काल या जागेवर मी वीस-पंचवीस मिनिटं उभा होतो. पोलिसांचा परवाना माझ्या हातात होता, ट्रकची उंची आणि वरच्या तारा बघत होतो, कार्यकर्त्यांच्या नावांची यादी होती, वेळ पुढे सरकत होती. मी आठवून पाहिलं. दोघी वाट बघत होत्या. भागामावशीने मान वर करून आवाजाकडे कान दिला होता.

"गर्दी होती," मी म्हणालो.

"गर्दी असतीच," आई म्हणाली.

रिक्षावाल्याने पुढे घेऊ का म्हणून विचारलं. आईने मांडीवरची तसबीर जरा सरळ धरली.

"पुढच्या साली नीट बघून ठेव," ती मला म्हणाली.